सुई टोचल्याचं आधी मावशींना का कळलं?

पत्र थोडक्यात असं: तालुक्याच्या गावी 60 खाटांचं खासगी रुग्णालय. पत्रलेखक 17 वर्षं तिथली लॅब सांभाळतात. हाताखाली चार टेक्निशियन आणि साफसफाईच्या एक मावशी. 11 दिवसांपूर्वी रात्रपाळीत, पहाटे तीनच्या सुमारास, त्यांच्याकडच्या 24 वर्षांच्या टेक्निशियन मुलीला सुई टोचली. सर्जिकल वॉर्डातल्या पेशंटचं रक्त सिरिंजने काढून ती ट्यूबमध्ये भरत होती. सुई झाकणावरून घसरली आणि ट्यूब धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यात गेली. तिने हात धुतला, काम संपवलं, कुणाला सांगितलं नाही. परवा मावशींच्या बोलण्यातून पत्रलेखकांना, म्हणजे लॅबच्या इनचार्जना, कळलं. मुलगी कंत्राटावर आहे आणि मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेची तपासणी तोंडावर आलेली. ते लिहितात: "नोंद केली तर सर चिडतील, तपासणीत प्रश्न येतील, तिची नोकरी जाईल. नाही केली तर मन खातंय. चूक तिचीच आहे, लक्ष नव्हतं. मला 17 वर्षांत एकदाही टोचलेली नाही. मी शिस्तीचा माणूस. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्ताच्या ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) ट्यूब फोडली तेव्हा सगळ्यांसमोर त्याचे कान उपटले, पुन्हा तसं घडलं नाही. आता काय करू?"

नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी तुम्हाला ईमेलवर चार ओळी पाठवल्या होत्या, कारण सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्या ओळी इथे पुन्हा लिहिते. हे सदर वाचणाऱ्या लॅबवाल्यांपैकी आज रात्री कुणाची पाळी येईल, सांगता येत नाही.

त्या मुलीला आजच डॉक्टरांकडे न्या. लॅबच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या नाही, नीट केसपेपर काढून. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, जमल्यास दोन तासांच्या आत सुरू करायची असतात आणि 28 दिवस घ्यायची असतात. 72 तास उलटल्यावर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. तुमच्याकडे ती वेळ कधीच टळली. तरी बाकी बरंच करण्यासारखं आहे. तिचं आजचं रक्त तपासून ठेवायचं, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस झालेत का, हे तिला विचारायचं. "झाले असतील" हे उत्तर चालणार नाही, तारखा हव्यात. अर्धवट राहिली असेल तर पुढचा डोस आज द्यायचा. त्या आजाराचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, 24 तासांत दिलेलं उत्तम, फार तर सात दिवसांपर्यंत देतात. तीही वेळ गेली.

आणि एक साधा प्रश्न मी विचारला होता, त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. तो पेशंट सर्जिकल वॉर्डातला होता. ऑपरेशनआधी एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होतात, आणि त्या होतात तुमच्याच लॅबमध्ये. या 11 दिवसांत त्याच्या डॉक्टरांनी ती फाइल एकदा उघडून पाहिली का? तपासण्या झाल्या नसतील तर त्या पेशंटला नीट सांगून, त्याची संमती घेऊन करता आल्या असत्या. कदाचित तिन्ही निगेटिव्ह असतील. तसं असेल तर ही मुलगी 11 रात्री ज्या भीतीने तळमळतेय, ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी बरीचशी उतरली असती. न सांगण्याची ही किंमत आपण कधी मोजत नाही. आजार झाला तरच नुकसान झालं, असा आपला हिशेब असतो.

भीतीचेच आकडे सांगते, कारण लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाही ते उलटेपालटे माहीत असतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हेपॅटायटिस सी शंभरात दोन किंवा त्याहून कमी. आणि हेपॅटायटिस बी, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात 6 पासून 30 पर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, सात दिवस तग धरतो. सगळे घाबरतात पहिल्याला, आणि लस आहे ती तिसऱ्यावर. माझ्या हाताखाली आलेल्या कित्येक मुलामुलींचा तिसरा डोस राहिलेला असायचा, कारण तो सहा महिन्यांनी असतो आणि तोवर नोकरी बदललेली असते.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळते. "चूक तिचीच आहे, लक्ष नव्हतं."

त्या पहाटेचं चित्र तुम्ही स्वतःच काढलंय, मी फक्त जवळून बघते. उजव्या हातात भरलेली सिरिंज, तिला उघडी सुई. डाव्या हातात ट्यूब, म्हणजे बोटं झाकणापासून इंचभर अंतरावर. आता ती सुई रबराच्या झाकणातून आत ढकलायची. रबर घट्ट असतं, जोर द्यावा लागतो, आणि गोल गुळगुळीत झाकणावर सुई घसरली तर ती जाणार कुठे? बोटातच. इथे लक्षाचा संबंध कमी आणि भूमितीचा जास्त आहे. दिवसातून शंभर वेळा हेच करणाऱ्या माणसाचं शंभर वेळा लक्ष असावं, तेही पहाटे तीनला, अशी अपेक्षा ठेवून जी पद्धत चालते ती पद्धतच कच्ची. ट्यूब स्टँडमध्ये उभी करायची, डावा हात पाठीमागे न्यायचा, एका हाताने सुई झाकणात घालायची आणि दट्ट्या न दाबता ट्यूबमधल्या निर्वात पोकळीला रक्त ओढू द्यायचं. दट्ट्या दाबला की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणजे रिपोर्टसाठी जे बरोबर, तेच बोटासाठीही बरोबर.

त्याहून बरं म्हणजे सिरिंज मधे आणायचीच नाही. व्हॅक्युटेनरची सुई आणि होल्डर वापरला की रक्त शिरेतून थेट ट्यूबमध्ये येतं, भरायचा प्रकारच राहत नाही. तुमच्याच पत्रात तळटीपेसारखं एक वाक्य आहे: "होल्डर महाग पडतात म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद केले, सिरिंजवर भागवतो." ते बंद करण्याच्या कागदावर सही कुणाची होती? त्या मुलीची नक्कीच नव्हती.

हातमोज्यांचंही तेच. मोजा सुई अडवत नाही. सुई मोज्यातून आत जाताना बाहेरचं बरंचसं रक्त पुसलं जातं, एवढाच त्याचा उपकार, आणि तो लहान नाही. पण पोकळ सुईच्या आतलं रक्त मोज्याला पुसता येत नाही.

तुम्हाला 17 वर्षांत टोचली नाही, हे मला खरं वाटतं. पण आठवून बघा, गेली किती वर्षं तुम्ही स्वतः रात्रपाळीत वॉर्डात जाऊन रक्त काढलेलं नाही? मीही इनचार्ज झाल्यावर फार सावध झाले होते. टेबलावर बसून सह्या करताना सावध राहणं सोपं जातं.

माझं एक सांगते. 1991-92 ची गोष्ट, रुग्णालयाचं नाव राहू दे. हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तात लाल पेशी किती ते मोजायच्या, काचेच्या केशनळ्या आम्ही मातीसारख्या चिकणीत दाबून बंद करायचो. एक नळी दाबताना मोडली आणि अंगठ्याच्या गादीत शिरली. अर्धा सेंटिमीटरचा वण अजून आहे. मी काय केलं? अंगठा तोंडात घातला! शाळेत पेन्सिल लागल्यावर घालायचो तसा. त्या काळी आम्ही सिरमसुद्धा तोंडाने ओढायचो, चुकून जिभेवर आलं तर चूळ भरून पुढची ट्यूब घ्यायचो, त्यामुळे अंगठ्याचं कुणाला काय. सांगितलं मात्र कुणालाच नाही, कारण आठवड्यापूर्वीच आमचे साहेब दुसऱ्या एकीला म्हणाले होते, "हात आहेत की पाय?" मला आजार होण्याची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती त्या वाक्याची.

म्हणून तुमच्या सेंट्रिफ्यूजच्या गोष्टीशी मी थबकले. "सगळ्यांसमोर कान उपटले, पुन्हा तसं घडलं नाही." साहेब, पुन्हा तसं घडलेलं तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच तुम्ही खात्रीने म्हणू शकता. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्यांमध्ये ही मुलगी होती का? नसली तरी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात जुनी माणसं दोन गोष्टी सांगतात: पगार कधी होतो आणि साहेब कशावरून चिडतात. तिने मावशींना सांगितलं. याचा अर्थ तिला सांगायचं होतं. तिने फक्त माणूस निवडला.

त्या मुलाची ट्यूब फुटली कशी, हे तरी तेव्हा पाहिलं होतं का? समोरासमोरच्या ट्यूब सारख्या वजनाच्या नसतील, तळाची रबरी गादी झिजली असेल, नाहीतर पुन्हा पुन्हा धुतलेली काचेची ट्यूब तडकलेली असेल. फुटल्यावर यंत्र बंद करून झाकण अर्धा तास न उघडता ठेवायचं असतं, आतले तुषार खाली बसेपर्यंत. मग जाड मोजे घालून काचा चिमट्याने उचलायच्या, बोटाने कधीच नाही. पण बाहेरून कॅज्युअल्टीचा फोन खणखणतोय, "रिपोर्ट कुठाय?" आणि इनचार्ज डोक्यावर उभे. अशा वेळी कुठला मुलगा अर्धा तास थांबेल?

आता नोंद करायची की नाही. तुम्ही हा प्रश्न "तिला वाचवू की नियम पाळू" असा मांडलाय. माझ्या मते तिला वाचवणारा कागद तोच आहे. उद्या सहा महिन्यांनी काही निघालंच, देव न करो, तर हे कामावर झालं हे ती कशाच्या आधारे म्हणणार? मावशींच्या साक्षीवर? घटनेची तारीख, वेळ, कुठल्या कामात, कुठली सुई, आणि त्या वेळचं तिचं निगेटिव्ह रक्त, हे कागदावर असणं ही तिची ढाल आहे. 11 दिवस उशीर झाला तर उशीर झाला असंच लिहा. मागची तारीख टाकू नका, तो मोह होईल.

कायदाही तिच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा 2017 मध्ये झाला, सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. जिथे कर्मचाऱ्यांना असा धोका असतो त्या प्रत्येक आस्थापनेने सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं पुरवायची, असं त्यात स्पष्ट आहे. एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीवरून काढणं हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. 20 किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आरोग्यसेवेच्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे तो कोण आहे, ते मला पत्राने कळवा. माझा अंदाज आहे की तुम्हाला विचारावं लागेल. आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम म्हणतात की हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मालकाने द्यायची, आणि वर्षातून एकदा तरी त्यांची तपासणी करायची. त्यात कंत्राटी आणि कायम असा फरक केलेला नाही.

एनएबीएचची धास्ती तर मला उलटीच वाटते. सुई टोचण्याच्या घटना मोजणं हा त्यांच्या गुणवत्तेच्या निर्देशकांपैकीच एक आहे. 60 खाटांच्या रुग्णालयात वर्षभर एकही घटना नाही, अशी कोरी करकरीत वही समोर ठेवलीत तर अनुभवी तपासनीस ती वही बंद करेल आणि मावशींना बोलावेल. त्याऐवजी एक घटना, तिचं कारण आणि त्यानंतर काय बदललं, हे एका पानावर दाखवा. सरांना पटवायचं असेल तर याच बाजूने जा. होल्डरवर वाचलेले पैसे एका पानावर लिहा, दुसऱ्या पानावर एका माणसाच्या चार वेळच्या तपासण्या, औषधं, रजा, आणि नवा टेक्निशियन शिकवायला लागणारे तीन महिने. डॉक्टर मंडळींना आकडा दिसला की आवाज खाली येतो.

लग्नाबद्दल तुम्ही विचारलंय, "मुलाकडच्यांना कळवावं का?" तुम्ही? मुळीच नाही. तुम्ही तिच्या घरचे नाही आहात, आणि असतात तरीही नाही. तिची तपासणी आणि तिचे रिपोर्ट हे तिचे आहेत. तुमच्याच लॅबमध्ये तपासायचं असेल तर नावाऐवजी क्रमांक घाला, नाहीतर बाहेर पाठवा, कारण सहकाऱ्याने आपला रिपोर्ट टाइप करावा हे कुणालाच नको असतं. पाठपुरावा संपेपर्यंत रक्तदान करायचं नाही आणि शरीरसंबंधात काळजी घ्यायची, हे तिला डॉक्टरांनी, शक्यतो बाई डॉक्टरांनी, एकटीला बसवून सांगावं. नवऱ्या मुलाला काय, किती, कधी सांगायचं ते ती ठरवेल. तिला कुणाशी बोलायचं असेल तर 1097 ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे, नाव विचारत नाही.

लॅबमध्ये काय बदलायचं, याची मोठी यादी मी देणार नाही, तुम्हाला ती पाठ असणार. एक काम मात्र करा. रक्त काढायच्या खुर्चीशी उभे राहा, हातात टोपण काढलेली सुई आहे असं समजा, आणि सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यापर्यंत चालत जा. पावलं मोजा. तुम्ही लिहिलंय की डबा बेसिनखाली असतो, "दिसायला बरं नाही म्हणून". म्हणजे पाच-सहा पावलं आणि एकदा वाकणं. एवढ्या अंतरासाठी कुणीही सुईला पुन्हा टोपण लावेल, आणि टोपण लावताना टोचेल. डबा खुर्चीच्या हाताशी आणा, न वाकता सुई पडेल असा. तीन चतुर्थांश भरला की बदला, दाबून दाबून भरू नका. वॉर्डात जाणाऱ्या ट्रेमध्येही एक छोटा डबा द्या. आणि तुमचा निडल बर्नर, म्हणजे सुई जाळायचं यंत्र, चालू आहे का, तेही बघा. माझ्या पाहण्यातले निम्मे बर्नर टेबलाची शोभा वाढवत होते.

टोचलीच तर काय करायचं, याचा एक कागद बेसिनच्या वर चिकटवा, मोठ्या मराठी अक्षरांत. साबण आणि वाहतं पाणी. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, हायपो (जंतू मारायचं ब्लीचचं पाणी) किंवा स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं. मग कुणाला फोन करायचा, त्याचा नंबर, रात्रीचासुद्धा. प्रतिबंधक औषधं तुमच्या जिल्ह्यात रात्री कुठे मिळतात, हे आजच फोन करून विचारून त्याच कागदावर लिहा. पहाटे तीनला शोधायला कुणी सापडत नाही.

हो, एक राहिलं. तुमच्या दारावर "चपला बाहेर काढा" अशी पाटी आहे, असं तुम्ही स्वच्छतेच्या कौतुकात लिहिलंय. देवघराला ती ठीक आहे. जिथे काच फुटते, ॲसिड सांडतं, सुई पडते, तिथे माणसं अनवाणी किंवा रबरी स्लिपरवर का फिरवायची? आतल्यासाठी वेगळे, पुढून बंद असलेले बूट ठेवा. ओल्या फरशीवर घसरून मोडलेलं मनगट मी सुईपेक्षा जास्त वेळा पाहिलंय, फक्त त्याची कुणाला लाज वाटत नाही म्हणून ते लगेच कळतं.

त्या मुलीशी बोलायला बसाल तेव्हा पहिलं वाक्य "मला का नाही सांगितलंस?" असं नको. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. "होल्डर बंद करायला नको होते, चूक झाली" एवढं म्हणा आणि गप्प बसा, ती बोलेल. त्या सेंट्रिफ्यूजवाल्या मुलाला चहाला न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मावशींना विचारा, कचऱ्याची लाल पिशवी बांधताना, लादी पुसताना, आजवर त्यांना किती वेळा टोचली. त्यांच्या लसीचे डोस झालेत का, तेही. विचारायला जाल तेव्हा हातात नोंदवही असू द्या. एका पानात मावणार नाही, असं मला वाटतं.

तुमची,
सदरलेखिका